पुलापलीकडचे मास्तर

“वादळाची वाट बघत बसू नका. रस्ते मोकळे आहेत तोवर येऊन डायलिसिस करून घ्या.” सिस्टरांचं कालचं बोलणं मावशींच्या कानांत अजून घुमत होतं. म्हणूनच मावशींचा भाऊ आज आत मशीनवर होता आणि त्या बाहेर बाकावर. शेजारी एक रिक्षावाला स्वतःच्या पाळीसाठी थांबला होता, सोबत थोरली बहीण. ऐकू नये म्हटलं तरी मावशींचे कान तिकडेच.

“ताई, मास्तर आज डायलिसिसला आले नाहीत गं.”

“तुला कशाला त्यांची पंचाईत? महिनाभर तर तोंड बघत नाही एकमेकांचं.”

“माझी खिडकीजवळची खुर्ची बळकावली त्यांनी.”

“मग बरंच झालं. आज खिडकी तुझी.”

“फोन लागत नाहीये. एकटा जीव पुलापलीकडे, आणि संध्याकाळी पूल बंद करणार म्हणतात.”

“त्यांचा भाचा आणेल की.”

“भाचा परगावी गेलाय.”

“बोलत नाहीस, तरी बातम्या बऱ्या असतात तुझ्याकडे.”

“वादळ आलं तर न्यायला येईन, असं मीच म्हणालो होतो त्यांना.”

“ते भांडणाच्या आधी.”

“म्हणालो तर होतो ना.”

“स्वतःचे पाय बघ, कसे सुजलेत. तुझी पाळी?”

“सिस्टरांना विचारलंय. शेवटची घेतली.”

“आणि पलीकडेच अडकलास तर?”

रिक्षाची किल्ली काढून तो उठला.

“थांब. मास्तरांना जिना एकट्याने उतरवणार आहेस होय?” म्हणत ताईने पर्स खांद्याला लावली, आणि दोघं हळूच दार लोटून बाहेर पडली.