धबधब्याआधी

— नाही, वहिनी, तो चहा ठेवा तिकडे आणि आधी मला सांगा, त्या ‘हो’वर बोट कुणी ठेवलं? तुम्ही? टीव्ही पुसता पुसता? म्हणजे पडद्यावर काहीतरी आलं, आणि तुम्ही आपलं ‘हो’ म्हणून मोकळ्या झालात. वा! माणूस ‘हो’ म्हणण्याआधी निदान प्रश्न तरी वाचतो — लग्नात नाही वाचत, ते सोडा.

हे खेळाचं मशीन मी नेटला लावत नव्हतो, कळलं? आळशीपणा नाही, मुद्दाम. वायरच काढून ठेवली होती. का? कारण एकदा ती लावली की हे कंपनीवाले घरात शिरतात. पूर्वी कसं होतं — चकती घातली, बटण दाबलं, खेळ सुरू. आता? आता आधी पासवर्ड, मग तो जुना झाला म्हणून नवा, मग अपडेट — तोवर जेवायची वेळ होते. आत शिरावं तर तिथे दुकान. खेळातल्या नावाड्याला नवा कोट घ्या, टोपी घ्या. अहो, बुडणाऱ्याला कोट कशाला? आणि रोज हजेरी! एक दिवस चुकलात की बक्षीस गेलं. मी दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासतो, तिथे मालक डोळे वटारतो तेवढं पुरे आहे मला — खेळानेही वटारायचे? शिवाय ते सारखं टिंग-टिंग. अमका आला, तमका जिंकला. विचारलंय कुणी? यांच्यापेक्षा खालच्या मजल्यावरच्या काकू बऱ्या, त्या निदान दुपारी झोपतात.

हसू नका. तुम्हाला हा पोरखेळ वाटत असेल, वाटू दे. एक होडी, दोन माणसं. एकाने वल्ही मारायची, दुसऱ्याने आत शिरलेलं पाणी उपसायचं. दादा वल्ह्यांवर, मी पाण्याला. कायम. आधी म्हणायचा, तू लहान आहेस, तुला नाही जमायचं. मग मी मोठा झालो तरी तेच — तक्रार नाही करत, सांगतोय. एक पडदा, एक सतरंजी, गुडघ्याला गुडघा. माझं पाणी उपसायचं राहिलं की टपली. शेवटी धबधबा, आणि तो पार केला की समुद्र. तेवढा एकच टप्पा राहिलाय आमचा. तुमच्या लग्नाच्या धांदलीत दादाच म्हणाला, आत्ता नको, सगळं आटोपलं की निवांत बसू. मी म्हटलं बरं. अजून बरंच म्हणतोय. दर रविवारी त्याचा कंट्रोलर चार्ज करून ठेवतो. बॅटरी खराब होते म्हणून हो, दुसरं काही नाही.

आता हे वाचा. मोठ्याने वाचा ना, तेव्हा नाही वाचलंत, आता वाचा! राहू दे, मीच वाचतो — ‘एका पडद्यावर दोघांनी खेळण्याची सोय बंद करण्यात आली आहे. सहकार्याबद्दल आभार.’ सहकार्य! म्हणे नेटवरून जोडीदार मिळेल. कोण कुठला, ना ओळख ना पाळख, त्याच्या होडीतलं पाणी मी उपसू? आणि मागे फिरता येत नाही यातून. झालं ते झालं. तुम्ही आल्यापासून या घरात वस्तू हलतातच. आधी सतरंजी माळ्यावर गेली, मग माझी खुर्ची गॅलरीत, मग दादा — नाही, तसं नाही म्हणत मी. तसंच म्हणतोय.

चुकून झालं? बरं, चुकून. एवढंच सांगा, वायर कुठे सापडली? टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. नक्की? … वहिनी, ती ड्रॉवरमध्ये कधीच नव्हती. जुन्या टेबलफॅनच्या खोक्यात होती, पात्यांच्या खाली. ती जागा आम्हा दोघांनाच माहीत. आईलासुद्धा नाही.

खाली काय बघताय? दादा कुठंय? डोकं दुखतंय, पडलाय. असं. तुमच्या खोलीत ते नवं मशीन आलंय, त्यावर डोकं ठेवून पडलाय का? ऑफिसातल्या मित्रांशी खेळायला घेतलं म्हणाला, मी म्हटलं घे बाबा. आणि जुना खेळ तिकडे न्यायचा तर आधी इथून नेटवर चढवावा लागतो — हां. आणि चढवायचा तर अपडेट आलाच. म्हणजे ‘हो’ त्याचं, आणि बोलणी खायला तुम्हाला पुढे केलं. नाही? आपणहून आलात? कमाल आहे तुमची. कधीपासून उभ्या आहात मुकाट्याने, आणि मी वाट्टेल ते —

थांबा. टिंग वाजलं. काय म्हणतंय … ‘तुमच्या मित्राने धबधबा पार केला.’

मित्राने.

ऐकलंत? भिंतीपलीकडून ओरडला. डोकं दुखणारा माणूस असा ओरडतो? जिंकला की तो असाच ओरडतो, दोन्ही हात वर करून, आणि मग शेजारच्याच्या पाठीत गुद्दा घालतो — बघा तुम्हीच, आता तिथे शेजारी कुणी नाही.

तो चहा उचला. त्याला द्या, घसा सुकला असेल. हा कंट्रोलरही न्या, चार्ज आहे. आणि जाताना दार — नाही, नुसतं लोटू नका. लावून घ्या.