रूथबाईंचा कापणीचा लिलाव

पाळकसाहेब, रूथबाईंच्या लेकींनो, जावयांनो आणि मंडळी,

आज इथे उभं राहून बोलणं जड जातंय. पण बसणं त्याहून जड होतं, आणि त्याबद्दल मला या सभेत एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. मघापासून मी ज्या खुर्चीवर बसलो होतो, ती मांडीला चिमटा काढते. डावीकडे सरकलं की डाव्या, उजवीकडे सरकलं की उजव्या. मागच्या रांगेतले माना डोलावताहेत, म्हणजे चिमटा सार्वजनिक आहे. अहो, माणसाला निदान दुःख तरी नीट बसून करता यावं की नाही?

या खुर्च्या आणल्या कुणी? रूथबाईंनीच. उल्हासनगरात एका मंडपवाल्याने धंदा बंद केला, तेव्हा मला हमाल म्हणून सोबत घेऊन गेल्या. तो सिंधी चाचा म्हणाला, "बहनजी, चर्च का काम है, आधा दान समझ के दे रहा हूँ." बाई म्हणाल्या, "समझनाही है, तो पूरा समझो ना!" चाचा हसला. हसला तिथेच संपला. टेम्पोचं भाडंसुद्धा त्यानेच भरलं. परत येताना मी म्हटलं, "बाई, या चावतात." त्या म्हणाल्या, "चावू देत. प्रवचनात कुणी झोपणार नाही."

अशी ही बाई. नोकरी होती तोवर शाळेत पोरांना गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर आमच्यावर सोडवलं.

इथल्या तरुणांना वाटतं, अंबरनाथचं हे चर्च पहिल्यापासून असंच धडधाकट होतं. नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वी वरच्या कमिटीची माणसं आली. इथेच बसली. चहा घेतला, खारी खाल्ली, गळक्या पत्र्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्याशा मंडळीला वेगळं चर्च परवडत नाही. नाताळपर्यंत छप्पर करा, नाहीतर कल्याणच्या मंडळीत सामील व्हा."

कल्याण काय लांब आहे? कमिटीला नाही. पण लाजरसआजोबांना पलीकडच्या गल्लीतून इथवर यायला दोन काठ्या लागायच्या. खरवईहून, बदलापूरहून बायका घरचं सगळं उरकून धापा टाकत यायच्या. चर्च बंद झालं असतं तर भिंती कुठे जाणार नव्हत्या. ही माणसं गेली असती.

आणि आमच्या हातात होतं काय? कापणीचा सण. पहिलं पीक देवाला वाहायचं, मग त्याचा लिलाव, पैसे चर्चला. प्रथा सुंदर. पण आमच्यात शेतकरी कोण? कुणी एमआयडीसीत, कुणी उल्हासनगरात शिलाई मशीनवर, कुणी दवाखान्यात. मग आम्ही काय करायचो? सकाळी स्टेशनाबाहेरून भोपळा विकत घ्यायचो, 'आमचं पीक' म्हणून वाहायचो, आणि दुपारी लिलावात एकमेकांचे भोपळे अर्ध्या भावात घरी न्यायचो. हसू नका, तुम्हीही त्यात होता! आमच्या सणाची वाट आमच्यापेक्षा तो भाजीवाला जास्त बघायचा.

त्या वर्षी बाई उपासनेनंतर उभ्या राहिल्या. "यंदा भोपळा आणाल तर भोपळ्यासकट परत पाठवीन. तुमच्या हाताला जे पिकतं, ते आणा."

आमचे खजिनदार प्रभुदास म्हणाले, "बाई, माझ्या हाताला नुसते आकडे पिकतात."

"मग कुणाच्या तरी दुकानाचे आकडे लिहून द्या."

झालं! दावीद शिंप्याने एक पँट शिवून द्यायचं वाहिलं. सुलोचना नर्सने घरी येऊन इंजेक्शनं. आनंदनगरच्या कारखान्यातल्या योसेफ फिटरने आपली शुक्रवारची सुटी वाहिली. ती प्रभुदासांनी घेतली, चढ्या बोलीने.

बाईंनी विचारलं, "काय करणार तिचं?"

"खिडकीला ग्रील लावून घेईन."

"तुमच्या खिडकीतून पाणी गळतंय का?"

प्रभुदासांनी वर पाहिलं. "बरं बाई. चढवा त्याला छपरावर."

पैसेही चर्चला, फिटरही चर्चला. मग काय, ज्याने त्याने घेतलेला माल परत चर्चलाच द्यायला सुरुवात केली. नाताळला छप्पर उभं होतं. लाजरसआजोबा पहिल्या रांगेत होते, दोन्ही काठ्यांसह. कमिटी आली, केक खाल्ला आणि म्हणाली, "आम्हाला खात्री होतीच!"

पण त्या लिलावात शेवटचा माल माझा होता. बाई म्हणाल्या, "सुधीरची जीभ घरोघर फुकट पोचते, तिला भाव नाही. एका सभेपुरतं त्याचं मौन विकायला आहे. बोला!"

पहिली बोली कुणाची? माझ्या बायकोची. मंदा, खाली बघू नकोस. दुसरी पाळकसाहेबांची. तिसरी पुन्हा मंदाची. शेवटी बाईंनीच सगळ्यांच्या वर बोली लावली आणि रोख पैसे दिले.

"कुठल्या सभेला गप्प बसू?" मी विचारलं.

"ठेवून देते. लागेल तेव्हा मागेन."

पुढे प्रत्येक सभेला मी विचारायचो, "बाई, आज?" त्या म्हणायच्या, "आज नको रे. आज भांडायचंय, तू लागशील."

गेल्या महिन्यात दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलो होतो. त्यांना दम लागत होता. म्हटलं, "बाई, मी जरा गप्प बसतो." डोळे न उघडता म्हणाल्या, "ते विकलेलं आहे. असं फुकट वाटू नकोस. बोल तू." मी बोलत राहिलो. कुणाकुणाची टिंगल केली ते सांगत नाही, अर्धे इथे बसलेत. बाई हसत होत्या.

मंडळी, काळजी करू नका. या चर्चला कल्याणची वाट आता कुणी दाखवणार नाही. लिलाव यंदाही होईल, आणि भोपळा दिसला तर परत पाठवायला मी दारात उभा असेन.

अजून बरंच लिहून आणलं होतं. ते खिशातच राहू दे. सगळे उभे राहा.

जय ख्रिस्त, बाई. आज तुम्ही 'नको' म्हणत नाही आहात. ते मौन तुमचं आहे, घ्या.