टँकर इज कमिंग

...न्हाई, पण मला एक सांगा, पाणी ‘आलं’ आन पाणी ‘आलेलं आहे’, ह्यातल्या कोणत्या पाण्यानं तहान भागती? सांगा की! गप का बसलात? आवो, ह्या इंग्रजीवाल्यांनी येण्याचे सुदिक तुकडे करून ठेवलेत! येतं, येऊन राहिलंय, आलंय, आलेलं होतं, येत राहिलेलं असेल... आरं, माठात हाय का न्हाई तेवढं बोल की बाबा! ह्या काळांनी आमच्या कोळसांगवीच्या महादेवप्पाचं जे वाटोळं केलं, तुम्हाला सांगतो, तसं वाटोळं वैऱ्याचं बी होऊ नये. इंग्रजीत काळ बारा, आन आपल्याकडं एकच... दुष्काळ!

महादेवप्पा म्हणजे उदगीरच्या पल्याड, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेल्या कोळसांगवीचा किराणा दुकानदार. कपाळाला भस्म, खांद्यावर टावेल, आन तोंडात चार भाषा. बिदरकडचं गिऱ्हाईक आलं की कानडी, देगलूरकडचं आलं की तेलुगू, बाजारात दखनी, आन बायकोशी मराठी... म्हंजे बायको दानम्मा मराठीत बोलायची, हा मराठीत ऐकायचा. पण नशीब बघा! ज्या साली लातूर जिल्हा झाला, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात गावाला गरज पडली ती पाचव्या भाषेची.

झालं काय, जिल्हा झाला म्हणून गावात पेढे वाटले. लोक म्हणाले, ‘आता उस्मानाबादपर्यंत हेलपाटा न्हाई, कचेरी जवळ आली, पाणी बी येईल.’ कचेरी आली, पाऊस गेला. विहिरीच्या तळाला घागर अशी खरवडायची, जसं करपलेल्या भाताचं पातेलं! सरपंच गुरुबसप्पा चार माणसं घेऊन लातूरला गेला टँकर मागायला. तिथं टंचाईचे साहेब आसामकडचे. माणूस भला, पण मराठी यायची न्हाई, हिंदी यायची ती पुस्तकातली. आपली दखनी ऐकून ते कारकुनाला विचारायचे, ‘इज इट तेलुगू?’ मग गुरुबसप्पानं मराठीतून भाषण ठोकलं... जनावरं, लेकरं, बाया, सगळं सगळं काढलं, डोळ्यात पाणी आणलं, गावातलं तेवढंच शिल्लक होतं! आन ते सगळं ऐकून कारकून साहेबाला म्हणला काय? ‘सर, दे वॉन्ट वॉटर.’ बास! साहेब म्हणले, ‘एव्हरीबडी वॉन्ट्स.’ आन मंडळी परत!

गावची बैठक बसली पारावर. ठरलं काय, तर आपला माणूस साहेबाशी थेट इंग्रजीत बोलला पाहिजे. गावात इंग्रजी येणारे एकच, हायस्कूलचे नासिर मास्तर. ते म्हणले, ‘ना बाबा. मैं नोकरीवाला आदमी, साहब से हुज्जत घालूं तो कल मेरी बदली.’ मग सगळ्यांच्या नजरा फिरल्या महादेवप्पाकडं. का? तर तो साबणाच्या खोक्यावरचं इंग्रजी वाचायचा! महादेवप्पा म्हणला, ‘आवो, मी मॅट्रिकला इंग्रजीतच गचकलो!’ गुरुबसप्पा म्हणला, ‘गचकलास म्हंजे बसला तरी होतास न्हवं? आम्ही बसलोबी न्हाई.’ 

झाली शिकवणी सुरू. मास्तर पानाचा विडा गालात दाबून म्हणायचे, ‘अप्पा, पानी छोडो, पहले वक्त पकडो. आय गो. आय ॲम गोइंग. आय हॅव गॉन.’ महादेवप्पा म्हणायचा, ‘मास्तर, मी हितंच बसलोय, एवढ्यात तीनदा कुठं जाऊन आलो?’ मास्तर कावायचे! ‘अरे, गेला, गेला आहे, गेला होता, तीनों में फरक है!’ हा म्हणायचा, ‘माणूस गेला तर गेला. गेलेला आहे म्हणल्यावर काय परत येतो?’ ‘इंग्रजी में मुर्दे को भी पूछना पडता मियां, तू पहले मरा, के बाद में मरा, के अभी मर रहा!’ आन आतून दानम्मा ओरडायची, ‘त्यास्नी म्हणावं मी मरून राहिले! आधी हापशाला नंबर लावा!’

तुम्हाला सांगतो, महादेवप्पाला त्या काळांचा असा राग आला, असा राग आला... गिऱ्हाईक म्हणलं, ‘अप्पा, साखर हाय का?’ की हा खेकसायचा, ‘हाय, व्हती का असंल, नीट इचार!’ रातंदिस त्याच्या डोक्यात ते हॅव न् हॅज न् हॅड माशीसारखे घोंगावायचे. इंग्रजीत काळ बारा, आन एकाला बी दया न्हाई!

शेवटी गेला लातूरला. एसटीत उभ्यानं पाठांतर. ‘सर, अवर वेल हॅज ड्राइड. सर, अवर वेल हॅज ड्राइड.’ मास्तरांनी बजावलं होतं, ‘हॅज सोडू नको, हॅज गया तो सब गया.’ साहेबाच्या खोलीत पाय ठेवला, वर पंखा गरगरतोय, साहेब चष्म्यातून बघतायत... आन हॅज गेला! कुठं गेला देव जाणे! महादेवप्पाच्या तोंडून निघालं, ‘सर... वेल वॉज ड्राय.’

साहेबानं मान वर केली. ‘वॉज? सो नाऊ इट इज ऑलराइट?’

आता ह्या सगळ्यात महादेवप्पाला ओळखीचा शब्द सापडला एकच, ऑलराइट. मोठ्या माणसानं विचारल्यावर न्हाई कसं म्हणायचं? तो हात जोडून म्हणला, ‘येस सर. ऑलराइट.’ साहेब म्हणले, ‘गुड!’ आन कागदावर रेघ मारायला पेन उचललं.  ते पेन बघून महादेवप्पाच्या डोळ्यापुढं आख्खं गाव आलं, गुरुबसप्पा आला, हातात लाटणं घेतलेली दानम्मा आली, आन तो असा ओरडला की बाहेरचा शिपाई आत पळत आला. ‘न्हाई सर! वॉज ड्राय! इज ड्राय! विल बी ड्राय! पीपल ड्राय, बफेलो ड्राय, माय वाइफ... व्हेरी ड्राय!’

 साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. खुर्चीतून उठले, महादेवप्पाला स्वतःच्या तांब्यातलं पाणी ओतून दिलं आन खांद्यावर हात ठेवून म्हणले, ‘डोन्ट वरी. टँकर इज कमिंग.’

इज कमिंग! महादेवप्पा एसटीत हसत बसला. मास्तरांनी घोटून घेतलं होतं, इज म्हंजे आत्ता, इंग म्हंजे चालू. म्हंजे टँकर येऊन राहिलाय! रस्त्यात हाय! कोण जाणे, एसटीच्या मागंच असंल. तो मागच्या काचेतून वाकून वाकून बघत आला.

गावात आल्या आल्या गर्जना, ‘टँकर येऊन राहिलाय!’ आन काय सांगू तुम्हाला! फाट्यापासून पारापर्यंत घागरी, कळश्या, बादल्या, डबे, एकानं तर जागा धराया पाळणा आणून ठेवला नंबरात. आन लोक झाले उदार! पाणी येऊनच राहिलंय तर शिळं कशाला ठेवायचं? म्हाताऱ्या गौरम्मानं पाडव्यापासून डोक्यावर पाणी घेतलं नव्हतं, ती शिकेकाई लावून न्हाली. कुणी म्हैस धुतली. कुणी वरण शिजवलं. महादेवप्पानं तर घरातला शेवटचा हंडा रिकामा करून आख्ख्या पाराला चहा पाजला. लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं ठेवलं.

दिवस मावळला. टँकर आला न्हाई. दुसरा दिवस मावळला. टँकर आला न्हाई. पारावर आता कुणी बोलंना. बोलणार कसं, तोंडात थुकी नको? तिसऱ्या दिवशी गौरम्मा दुकानापुढं येऊन हुभी राहिली, चकाचक धुतलेले केस घेऊन. ‘का रं महादेवा, कुठवर आलाय तुझा इजकमिंग? माझी नात टाहो फोडून राहिली, तिला काय पाजू, शिकेकाई?’  दुकानावर माणूस फिरकंना. आन दानम्मा? तिनं घरातल्या सगळ्या घागरी बैलगाडीत घातल्या. ‘मी चालले भालकीला, माहेरी. तिथं आडाला पाणी हाय आन माणसांस्नी मराठी कळतं!’ गेली की हो!

तडक गेला हा मास्तरांच्या दारात. ‘मास्तर, इज कमिंग म्हंजे येऊन राहिलाय, असं तुम्हीच शिकवलं ना?’

‘हौ.’

‘मग कुठाय?’

मास्तरांनी डोकं खाजवलं. ‘ऐसा है अप्पा... बोलने में कभी कभी इज कमिंग का मतलब आनेवाला भी होता.’

‘आनेवाला? मग तो भविष्यकाळ कशाला केलाय? लोणचं घालायला? माझ्याकडून आठवडाभर विल विल करून घेतलं ते कशापायी?’

‘मैं क्या करूं? मैंने बनाई क्या इंग्रजी?’

‘पाण्यावाचून लेकरं रडून राहिलीत मास्तर!’

 मास्तरांनी खुंटीवरची शेरवानी काढली, दारावरनं चाललेल्या शाळेच्या शिपायाला सांगितलं, ‘हेडमास्तर को बोल, मैं लातूर गया.’ महादेवप्पा म्हणला, ‘आन बदली?’ ‘होती तो होने दे.’  दोघं जण एकमेकांवर एवढे चिडलेले, पण एसटीत शेजारी शेजारी!

कचेरीत आसामचे साहेब दौऱ्यावर. त्यांच्या जागी बसलेले साहेब पुण्याकडचे. महादेवप्पाला वाटलं, सुटलो! मराठी माणूस! हात जोडून म्हणला, ‘साहेब, कोळसांगवीचा टँकर कुठाय?’ साहेब म्हणले, ‘सदर टँकर मंजूर करण्यात आलेला आहे.’

‘आलेला हाय? कुठं?’

‘मंजूर करण्यात आलेला आहे. आणि पाठविण्यात येत आहे.’

महादेवप्पा मास्तरांकडं बघायला लागला. मास्तर हळूच म्हणले, ‘ये मेरे सिलॅबस में नहीं.’

आन तुम्हाला सांगतो, खिडकीतून बघतात तर काय, टँकर आवारात! लिंबाखाली! भरलेला! खालून थेंब थेंब गळतोय, आन ड्रायव्हर सलीम टपावर पाय पसरून बिडी ओढतोय. महादेवप्पा धावत गेला. ‘आरं, हुभा का?’ सलीम म्हणला, ‘अप्पा, कोळसांगवी के वास्ते परसों से भरके खडा हूं. मंजूर हुआ बोले, पाठविण्यात येत आहे बोले. जा करके कोई नहीं बोला!’

महादेवप्पानं सलीमचं मनगट धरलं आन वढत नेला साहेबापुढं. ‘साहेब, ह्याला तेवढं जा म्हणा.’

‘हे पहा, तोंडी आदेश देता येत नाही. कार्यवाही करण्यात येत...’

‘येत जात नको साहेब! जा म्हणा!’

‘तुम्ही आवाज खाली...’

‘आवो, एक अक्षर हाय! जा!’ सगळी कचेरी दारात गोळा झाली. मास्तरबी पेटले, ‘साहब, सिर्फ जा! काळ नहीं, कुछ नहीं, आज्ञार्थ!’ साहेब लालबुंद झाले, टेबलावर हात आपटला आन दोघांच्या अंगावर ओरडले, ‘जा! जा म्हणतो ना! जा एकदाचे!’

सलीमनं खाडकन सलाम ठोकला. ‘जी साहब!’

साहेबाला कळायच्या आत टँकर फाटकाबाहेर, आन हे दोघं त्याच्या केबिनीत!

गावात शिरले तर काय... दारं बंद! महादेवप्पा ओरडतोय, ‘आला! आला!’ एक कुत्रं बाहेर यीना. कोण विश्वास ठेवणार? सलीम म्हणला, ‘उतारते क्या, जाऊं वापस?’ तेव्हा मास्तरांनी उडी मारली आन तोटीच फिरवली. धुरळ्यात पाणी पडल्याचा आवाज आला... आन दारं उघडली हो! बाया धावल्या, लेकरं धावली, गौरम्मा तर पदर खोचून सगळ्यात पुढं! नारळ फोडला गुरुबसप्पानं. शाबासकी गुरुबसप्पाला. महादेवप्पाला गौरम्मा म्हणली, ‘दोन दिस आधी आणाया काय धाड भरली व्हती?’

आन ह्याच्या घरी पाणी भरायला घागर कुठाय? त्या भालकीला! दुकानातले शेंगतेलाचे रिकामे डबे होते, तेच भरले. पायरीवर चूल मांडून मास्तरांसाठी चहा केला. वर तेलाचा असा पिवळा तवंग! मास्तरांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, गिळला. ‘अप्पा, इसमें भजे छोडो.’

महादेवप्पा कसानुसा हसला आन आणखी अर्धा कप करायला डब्याकडं वळला. मास्तरांनी विचारलं, ‘सलीम क्या बोला जाते वक्त?’

‘उद्या नक्की येतो म्हणला.’

मास्तर उठले आन डब्यावर झाकण ठेवलं.