चढावर सापडलेल्या मालसायकलीबाबत लाँड्रीवालीने दिलेला जबाब

नाव : सोबत जोडलेल्या ओळखपत्राप्रमाणे. त्या नावाने मला कोणी हाक मारत नाही, सगळे लाँड्रीवाल्या काकूच म्हणतात. वय : ५४ वर्षे. धंदा : लाँड्री. राहणार : लाँड्रीच्या वरची खोली, छापखान्याच्या मागे, चढाच्या पायथ्याशी.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व माझा धाकटा दीर असे तिघे राहतो आणि लाँड्रीही तिघेच चालवतो. धुलाईची यंत्रे मी बघते, इस्त्री दीर करतो आणि माल पोचवण्याचे काम माझ्या पतींकडे आहे. चढाच्या माथ्यावरचा दवाखाना आणि दोन अतिथिगृहे ही आमची मोठी गिऱ्हाइके. दवाखान्याच्या चादरी रोज सकाळी पोचाव्या लागतात, त्यात खाडा चालत नाही.

माझ्या पतींना गेल्या वर्षी छातीचा त्रास झाला. ज्यांच्या चादरी आम्ही धुतो त्याच डॉक्टरांनी तपासून सांगितले की चढावर ओझे ओढायचे नाही. तोपर्यंत हे साध्या सायकलीला मागे गाडा जोडून माल नेत असत. धंदा सोडायचा नाही आणि चढही ओढायचा नाही, म्हणून बॅटरीवर चालणारी मालसायकल घेण्याचे ठरले. ती माझ्या पतींच्या छातीसाठी घेतली होती, हे कृपया स्पष्ट लिहावे. पुढे त्याचा संबंध आहे.

सायकल निवडायला आम्ही दोघे गेलो होतो. दुकानात तीन प्रकार होते. तीन चाकांची, मागे लांब पाठ असलेली आणि पुढे पेटी असलेली दोन चाकांची. यांचा जीव तीन चाकांच्या गाडीवर जडला, कारण ती उभी राहते. मी घरून ओल्या चादरींचे एक पोते नेले होते. ते पेटीत टाकून हिला वळणावर फिरवा, असे मी दुकानदाराला सांगितले. ओला माल एका अंगाला बसतो, हे दुकानदाराला माहीत असण्याचे कारण नव्हते. वळणावर आतले चाक उचलले आणि दुकानाच्या फरशीवर पाणी झाले. दुकानदार हसत होता, पण मनातून हसत नव्हता. मग पुढे पेटी असलेली दोन चाकांची घेतली. पेटी खाली असल्याने वजन जमिनीलगत राहते आणि माल डोळ्यांसमोर दिसतो. मोटर चाकात बसवलेली न घेता पायडलापाशी असलेली घेतली, कारण चढावर तिला गिअरचा फायदा मिळतो. आपण पायडल मारायचे आणि मोटरने हात द्यायचा, अशी रचना आहे. किती हात द्यायचा ते हँडलवरच्या बटणांनी ठरते, शून्यापासून पाचापर्यंत.

निगा कशी ठेवली जाते, असे साहेबांनी विचारले. माझे पती त्या सायकलीची जितकी निगा ठेवतात तितकी त्यांनी स्वतःची ठेवली असती तर मी आज इथे बसले नसते. दर सोमवारी टायरमधली हवा बघतात. ओझ्याने साखळी लवकर ताणली जाते म्हणून ती मोजून बघतात, पुसतात, तेल देतात. ब्रेकचे पॅड झिजायच्या आधीच नवे आणून फळीवर ठेवलेले असतात. बॅटरीचे तर विचारूच नका. दुकानदाराने सांगितले होते की ती पूर्ण रिकामी होऊ देऊ नका, सतत पूर्ण भरूनही ठेवू नका आणि उन्हात टाकू नका. एवढे तीन शब्द ऐकून या माणसाने व्रत घेतले. रोज संध्याकाळी बॅटरी काढून वर खोलीत आणतात, टॉवेलात गुंडाळून आपल्या उशाशी ठेवतात. तिथे माझी औषधे असायची, ती आता खिडकीत असतात.

तीन-चार महिन्यांपूर्वी माझ्या लक्षात आले की हे दवाखान्यातून परत येतात ते घामाने निथळत, आणि बॅटरीचा आकडा मात्र जेमतेम हललेला. विचारल्यावर म्हणाले, चढ काही फार नाही. नंतर दिराने सांगितले की दादा चढ लागला की मोटर शून्यावर नेतो आणि पायांनी ओढतो. सपाटीला, जिथे गरज नाही, तिथे एकावर ठेवतो. चढावर बॅटरी फार खाल्ली जाते आणि बॅटरी गेली की गाडी गेली, असा यांचा हिशेब. जी वस्तू छाती वाचवायला आणली ती वाचवायला हे छाती घालत होते. मी म्हटले, "बॅटरी बाजारात नवी मिळते." त्यावर यांनी माझ्याकडे असे पाहिले की मीच काहीतरी अभद्र बोलले. त्यानंतर आमचे यावर बोलणे झाले नाही. मला याचा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. साहेब म्हणाले, राग लिहिण्याची गरज नाही. मी म्हटले, लिहा.

आज सकाळी आठच्या सुमारास माझे पती दवाखान्याच्या इस्त्री केलेल्या चादरी पेटीत भरून निघाले. प्रकृती नेहमीसारखी दिसत होती. थोड्या वेळाने दीर त्याच्या मोटारसायकलवर अतिथिगृहांकडचे मळके कपडे आणायला गेला. मी यंत्रे लावली. यंत्रे चालू असली की फोन ऐकू येत नाही. ती थांबल्यावर पाहिले तर दवाखान्यातून बरेच फोन येऊन गेले होते. परत लावला तेव्हा सिस्टर म्हणाल्या की तुमच्या मिस्टरांना दाखल केले आहे, हृदयाचा झटका आहे, तुम्ही निघा. मी अंगावरच्या कपड्यांनिशी, मिळेल त्या गाडीने गेले.

दवाखान्यात मला कळले की एका रंगाऱ्याने यांना आमच्याच मालसायकलीच्या पेटीत घालून आणले. चादरी आणि माझे पती एकदमच पोचले. सिस्टर यांना ओळखतात. फोन लागत नाही म्हणून त्यांनीच त्या रंगाऱ्याला सांगितले की गाडी आणि चुरगळलेल्या चादरी खाली लाँड्रीवर ने आणि घरच्यांना कळव. पेटीवर पत्ता रंगवलेला आहेच. डॉक्टर म्हणाले की आणखी थोडा उशीर झाला असता तर त्यांना काही करता आले नसते. यांना आत नेले होते. मला काचेतून फक्त पाय दिसले, एका पायात चप्पल नव्हती. तेवढ्यात दिराचा फोन आला. आवाज चढलेला होता. दादाला मारून गाडी पळवणारा पकडला आणि ठाण्यात दिला, असे तो म्हणाला.

सिस्टर म्हणाल्या, काकू, इथे बसून तुम्हाला काही करता येणार नाही. इथे ठाण्यात करण्यासारखे होते, म्हणून मी आले.

माझ्या दिराने जे पाहिले ते त्याने आपल्या तक्रारीत सांगितले आहे आणि त्याने खोटे काही सांगितलेले नाही. चौकात त्याला भावाची गाडी दिसली, तिच्यावर अनोळखी माणूस, पेटीत विस्कटलेल्या चादरी, चादरींवर लाल डाग, त्या माणसाच्या हातावर आणि सदऱ्यावर लाल डाग, आणि चादरींत भावाची एक चप्पल. रंगारी म्हणाला, "तुमचा माणूस वर दवाखान्यात आहे." दिराने त्याची कॉलर धरली आणि विचारले, "काय केलंस त्याला?" पुढचे बोलू दिले नाही. माणसे जमली, ती कधी ऐकून घ्यायला जमत नाहीत. माझ्या दिराला यांनी लहानाचे मोठे केले आहे. भावाचे नाव निघाले की त्याचे डोके ठिकाणावर राहत नाही.

साहेबांनी रंगाऱ्याला माझ्यासमोर बसवून पुन्हा विचारले. तो चढाच्या मध्यावर एका घराच्या लोखंडी फाटकाला लाल प्रायमर लावत होता. त्याने यांना चढून येताना पाहिले. हे पाय टेकून थांबले, खाली उतरले, बराच वेळ हँडल धरून उभे राहिले. मग सीटजवळून लाकडाचा ठोकळा काढून मागच्या चाकाखाली सरकवला, गाडी हलवून पाहिली आणि त्यानंतर चाकाला टेकून खाली बसले. तो स्टुलावरून उतरून गेला आणि काय होतंय म्हणून विचारले. हे म्हणाले, "चादरी द्यायच्यात." एवढेच बोलले. दोन मोटारींना त्याने हात केला, त्या थांबल्या नाहीत. म्हणून त्याने यांना उचलून पेटीत ठेवले. गाडी जागची हलेना. त्याने अशी गाडी कधी चालवलेली नाही. हँडलवरचे बटण तो दाबत सुटला तेव्हा शून्याचे पाच झाले आणि गाडी एकदम निघाली. तो सांगतो की त्याला वाटले आपण दोघेही पडतो.

या सांगण्यावर माझा विश्वास आहे आणि त्याची कारणे मी देते. अंगझडतीत त्याच्या खिशात लाकडाचा तुकडा सापडला आणि तो संशयित हत्यार म्हणून टेबलावर ठेवला आहे. तो आमचा ठोकळा आहे. भरलेली गाडी चढावर स्टँडवर ठरत नाही, घसरते, म्हणून यांनी तो स्वतः तासून घेतला आहे. एरवी तो सीटखाली पट्ट्यात अडकवलेला असतो. यांना कोणी ढकलून पाडले असते तर तो पट्ट्यातच राहिला असता. तो चाकाखाली होता, म्हणजे यांनी तो स्वतःच्या हाताने लावला. छातीत कळ आली असताना यांनी आधी गाडी अडकवली, मग स्वतः बसले. हे दुसऱ्या कोणाबद्दल सांगितले असते तर मी खरे मानले नसते. आमच्या ह्यांच्याबद्दल मानते. आणि गाडी पळवणारा माणूस घाईत चाकाखालचा ठोकळा लाथेने उडवतो, खिशात घालून मालकाकडे परत न्यायला निघत नाही.

शिपायांनी पिशवीत घातलेल्या दोन चादरी मला दाखवण्यात आल्या. त्या आमच्याच आहेत. त्यांच्यावरचे डाग रक्ताचे नाहीत. रक्त एव्हाना तपकिरी पडले असते. याला टर्पेंटाइनचा वास येतो, साहेबांनीही घेऊन पाहिला. रक्ताचा डाग थंड पाण्यात भिजवला की निघतो. हा निघणार नाही, या दोन चादरी कामातून गेल्या. दिराला इतकी वर्षे इस्त्री करून हे कळायला हवे होते. इतर कोणत्याही दिवशी कळले असते.

माझ्या पतींच्या कपाळावर खरचटले आहे, ते कसे, असे विचारले. मला माहीत नाही. रंगारी म्हणाला की पेटीत ठेवताना पेटीची कडी लागली, चूक त्याची आहे. त्याला कोणी हे विचारण्याआधी त्याने सांगितले. मी यांना रोज पाहते, ते अंगाने चांगले भरलेले आहेत. त्यांना एकट्याने जमिनीवरून उचलणे मला जमले नसते, दिरालाही नाही. एका खरचटण्यावर भागले याचे मला आश्चर्य वाटते. रंगाऱ्याचा खालचा ओठ फुटला आहे, तोही कृपया लिहावा. तो चौकात फुटला. त्याची शिडी आणि रंगाचे डबे अजून त्या फाटकापाशी उघड्यावर पडले आहेत.

दवाखान्याचा कागद येईपर्यंत त्याला बसवून ठेवावे लागेल, असे साहेब म्हणाले. मी विनंती केली की तसे करू नये. माझे पती वाचतील की नाही हे डॉक्टरांनी अजून सांगितलेले नाही. वाचले तर त्या वेळी त्यांच्या खाटेशी हा माणूस उभा असावा, असे मला वाटते. न वाचले, तर त्यांच्या तोंडचे शेवटचे बोलणे ऐकलेला हा एकटाच आहे आणि ते मला त्याच्याकडून पुन्हा ऐकायचे आहे. दोन्ही बाजूंनी मला तो कोठडीत नको आहे. साहेब दवाखान्यात फोन लावून डॉक्टरांशी स्वतः बोलले. मग शिपायांना त्याचे सामान परत द्यायला सांगितले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मालसायकल माझ्या ताब्यात मिळावी. मला ती चालवता येत नाही. रंगारी वर आपली शिडी आणायला जाणारच आहे, तो मला पेटीत बसवून दवाखान्यात सोडेल, असे आमचे ठरले आहे. बॅटरी किती उरली आहे ते कोणीही बघू नये, असे मी त्याला सांगितले आहे.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. वाचन चालू असताना माझा दीर दाराशी उभा राहून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, मी चुकलो, हेही त्यात लिहायला सांगा." साहेब म्हणाले, ते कागदावर कशाला, ज्याला सांगायचे तो आत बसला आहे. दीर आत गेला आहे. मी सही केली.