हेंद्रीबाबूचं शेवटचं बोलणं

— त्या खुर्चीवर नको बसू, हर्षा. ती तुझ्या आबाजीची आहे. खाली बस, नाहीतर उभीच राह्य. अन् त्या तुझ्या सुगतले सांग, गाडी फाटकाच्या बाहेरच ठेव म्हना. काल त्याइची तेरवी झाली, आंगन सारवलेलं आहे. काय? तुले कोनी सांगितलं नाही? कायले सांगन? मीच नाही म्हनलं साऱ्याइले. तुझा बाप फोन लावून राहिला होता, मीच हातातून घेतला. हो, मीच. नात म्हने! नात कोनती? तू त्याले घेऊन आली त्या दिवशी मी आंगनात बसून तुझ्या नावानं आंघोळ केली, विसरली काय? जित्या मानसाच्या नावानं आंघोळ केली का तो मेला. मेलेल्याले निरोप कोन धाडते?

रडू नको. पानी पाहिजे तं मटक्यातलं घे — नाही, थांब, मीच देते वरून. तू तं आबाजीले म्हातारंच पाह्यलं. मी पाह्यले तेव्हा हॉलंडहून विहिरी खोदाले आलते. आमच्या धानाच्या बांधीत रोवना चालू होता, बाया वाकलेल्या, अन् हा उंचापुरा गोरा धुऱ्यावरून चालता चालता धाडकन चिखलात. साऱ्या बाया हासल्या. मी नाही हासली, मी हात देला. मग काय — भंडाऱ्याच्या कचेरीत लगन केलं, अन् माझ्या बापानं तलावावर जाऊन माझ्या नावानं आंघोळ केली. हो, माझ्याही नावानं. तं तुझ्या आबाजीनं, हेंद्रीबाबूनं, काय करावं? रोज संध्याकाळी मले घेऊन बापाच्या दारात उभे. मराठी येत नव्हती, माझ्याकडं बोट दाखवत अन् म्हनत, 'मेन फ्राव, मेन फ्राव.' बाप दार लावून घे. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा हजर. अशानं बाप शेवटी थकला, पाट टाकला, बस म्हनला. अशी मानसं राहत नाहीत आता. म्हशीच्या दुधाचं ते पिवळं चीज करून कोठीत ठेवत, सारा मोहल्ला नाक दाबून जाये — तू एकटी खात होती, आठवते? अन् बोली तं अशी शिकले का बाजारात भाजीवाल्या बाया त्याइच्याशी भाव करतानी हारत.

त्याइची भाषा? ते मी घरात बोलूच देली नाही. काहून म्हंजे? तिकडलं बोलनं तोंडात राह्यलं तं मानूस एक दिवस तिकडंच जाईन, असं वाटे मले. लेकराइलेही शिकवू देली नाही. पन तुले शिकवली, चोरून! तलावाच्या पारीवर बोट धरून नेत, मले वाटे पाखरं दाखवून राहिले पोट्टीले. घरी येऊन तुमी दोघं काहीतरी पुटपुटत अन् खिदळत. अन् मी चुलीपाशी. मी विचारलं तं म्हनत, 'काही नाही, गोदे, गंमत.'

तू म्हनते, आजी तूही तं जातीबाहेर केलं. केलं! पन मी गोरा आनला तं तहसीलदार चहा प्याले आला. तू काय आनलं? बौद्ध मोहल्ल्यातला — त्याची आजी धुरपता माझ्या बांधीत रोवना करे, आमी तिले पानी वरून टाकत होतो. चांगली होती बिचारी. पन म्हनून समधीन करू काय तिले?

अन् तू गेली, त्याच महिन्यात आबाजीले झटका आला. हात गेला, पाय गेला, अन् मराठी गेली. सारीच्या सारी. माझं नाव घेता येईना त्याइले! उरली ते तिकडलीच. डॉक्टर म्हने, होते असं, लहानपनीचं तेवढं राहते. सारे मले विचारत, काय म्हनून राहिले आबाजी? मी सांगो — 'हर्षाले घरात घेऊ नका म्हनतात.' तुझा बाप मान खाली घाले. आबाजीचा शब्द! मले काय समजत होतं? एक अक्षर नाही — म्हंजे, डोळ्यावरून समजते ना मानसाचं. तू आली असती तं काय झालं असतं, सांगू? तुमी दोघं बोलत बसले असते. अन् मी? माझ्याच घरात, माझ्याच मानसापाशी, पाव्हनीसारखी बसली असती. म्हनून नाही येऊ देलं तुले. जातीचं तं लोकाइले सांगाले झालं.

तुलेच बोलावत होते, माहीत आहे मले. मी समोर पेज घेऊन बसलेली, अन् ते माझ्या तोंडाकडं पाहत, मग दाराकडं पाहत अन् म्हनत. रोज तोच बोल. शेवटच्या दिवशीही तोच. मी तो आजवर तोंडातून काढला नाही, इतका राग होता मले त्याचा. आता तूच सांग, हर्षा कुठं आहे, असंच ना? 'वार इस मेन फ्राव.' काय झालं? अशी काहून पाहून राहिली? नीट नाही म्हनला काय? वार इस — मेन फ्राव —

मेन फ्राव.

…बापाच्या दारात.

नको, तू नको सांगू. वार म्हंजे कुठं? नुसती मान हलव. हं. कुठं आहे माझी बायको.

मी तं समोरच बसली होती, वो. पेज घेऊन समोरच बसली होती.

हात नको लावू मले. उठ. तुझा मानूस उन्हात उभा आहे. जा तू — अन् जातानी फाटक लावून घे.