देवणीला दादाची ओळख

तुम्ही बँडचं विचारलं म्हणून देवणीचं सांगतो. दादा जाऊन महिना झाला होता, पण देवणी गावातला हा कार्यक्रम त्यानंच आधी कबूल केलेला. मी ड्रम वाजवायचो, गायचा तो. सुरू व्हायच्या आधी निवेदकानं बँडची माहिती मागितली. मी म्हणालो, "उदगीरला कॉलेजात सुरू झाला. लातूर, नांदेड सगळीकडं वाजवलं. गाणी सगळी माझ्या भावाची."

"मग भाऊ कुठं हायेत?"

खरं तोंडातून निघेना. म्हणालो, "पुण्याला गेलाय."

निवेदकानं स्टेजवरून जाहीरच करून टाकलं, "गायक पुण्यात लई मोठं काम करायलेत, पुढच्या वर्षी इथं येतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जाऊन त्याच्या हातातला माइक हिसकावला. "न्हाई येणार. वारला तो. त्याच्या ओळी तुम्हीच म्हणा."

गिटारवाला इरफान कानाशी आला, "येड्या, गाणी आपली हायेत. ह्यांना शब्द कुठं ठाव?"

मग मीच गायलो, बेसूर. शेवटपर्यंत एक माणूस उठला नाही. दादा गायचा तेव्हा तिसऱ्या गाण्याला निम्मे उठून जायचे. हे त्याला सांगितलं असतं, तर त्यानं मला धुतलं असतं.