रेडकू चरायला गेलं नव्हतं

मी मूळचा राधानगरीकडचा, भात आणि म्हशी असलेल्या घरातला, आणि हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात मला म्हशीतलं काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. पहाटे आई धार काढायला बसायची, मी रेडकाचं दावं धरून उभा, रेडकानं दोन ढुशा मारल्या, म्हशीनं पान्हा सोडला, की आई म्हणायची ओढ, की मी ओढायचो. एवढंच माझं काम. मग गारगोटीला शिकलो, डी.एड. केलं, आणि गेली बरीच वर्षं इकडं कोडोलीजवळच्या एका वाडीवर मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवतोय. पोरांना लिहायला शिकवतो असं लोक म्हणतात. मी म्हणतो, पुस्तकं शिकवतात, मी नुसता मध्ये बसलेला असतो.

आधी कसं शिकवायचो सांगू का? फळ्यावर दहा ओळी. माझा आवडता प्राणी. गाय मला फार आवडते, गाय दूध देते, गाय गरीब असते. पोरं उतरवून घ्यायची, पाठ करायची, परीक्षेत तेच लिहायची. अख्ख्या वाडीत कुणाच्या दारात गाय नाही, सगळ्या म्हशी, आणि वर्षानुवर्षं पोरं गाय आवडते म्हणून लिहितायत आणि मी बरोबरची खूण करतोय. कुणाला हसू आलं नाही. मलाही नाही.

पुस्तकं शाळेत होती की. कपाटात. कपाटाला कुलूप. आमच्यात रीतच ती, पुस्तक फाटलं तर जाब ज्याच्याकडं चार्ज त्याला, म्हणून चार्ज येईल तो पहिल्यांदा कुलूप ओढून बघतो. जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले, किल्ली माझ्याकडं आली, मीही कुलूप ओढूनच बघितलं. मग एका पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला ओल धरली, उघडीप मिळाली तशी पुस्तकं व्हरांड्यात पसरली, आणि मधल्या सुट्टीत बघतो तर पोरं डबे सोडून पालथी पडून चित्रं बघतायत, वाचतायत. यांना हाकलून परत कुलूप लावायचं, एवढा निगरगट्ट मी नव्हतो.

त्यातलं एक पुस्तक सांगतो. एका आजोबांची छत्री हरवते, ते बाजारात बघतात, एसटीत बघतात, देवळात बघतात, आणि शेवटच्या पानावर काय, तर भिंतीवर नुसती रिकामी खुंटी. बास. वर्गात वाचलं तर एक पोरगं म्हणालं सर, पुढचं पान फाटलंय बघा. मी म्हणालो न्हाई रे बाबा, एवढंच हाय. आणि मग मागनं कोण तरी म्हणालं, आमच्या आज्जीची काठी तशीच कोपऱ्यात हाय, आज्जी न्हाई. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी पोरांनी जे लिहिलं ते फळ्यावरनं कधीच आलं नसतं. तेव्हापासनं माझी पद्धत तीच. चांगलं पुस्तक घ्यायचं, ज्यात उपदेश नाही, वाचता वाचता थांबायचं, लेखकानं काय न सांगता ठेवलंय ते पोरांना विचारायचं, मग पोरांनी आपलं बोलायचं, चित्र काढायचं, शेवटी लिहायचं, घरात बोलता तसंच. खोडरबर दप्तरात. अक्षराचं नंतर बघू. हे जमतं, छातीला हात लावून सांगतो, कुठल्याही वाडीवर जमतं.

पण ईश्वरीचं सांगायला पाहिजे. तिसरीतली पोरगी, बारीक, बोलायची कमी. पालकसभेसाठी आम्ही वर्गाचं एक पुस्तक करत होतो, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, दाभणानं शिवलेलं, पोरांचं लिखाण मी स्वच्छ अक्षरात उतरवून काढत होतो. तिनं लिहिलेलं मला पाठ आहे. म्हस व्याली. रेडा झाला. बाबा म्हणाले रेडा काय कामाचा. मी त्याला बोट दिलं. तो लई जोरात चोखायचा. मग हळू चोखायला लागला. मग दावं नुसतंच पडलं.

तुम्हाला कळलं असेल. दूध डेअरीला जातं, रेडीला, पुढं म्हस होणार म्हणून, थोडं तरी सोडतात, रेड्याला कोण सोडतो. तिचा बाप, संभाजी, शाळा समितीवर, तोंडानं फटकळ. आणि खरं सांगायचं तर बापाचं निमित्त होतं, मलाच ते पान हातात धरवेना. मी शेवटची ओळ काढली आणि लिहिलं, मग तो मोठा झाला आणि हिरव्या रानात चरायला गेला. रिकाम्या खुंटीचं कौतुक सांगणारा मी.

सभेला संभाजीनं ते पुस्तक उचललं आणि पोरीचं पान म्हणून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. शेवटाला आला आणि थांबला. म्हणाला, कुठल्या रानात वो गुरुजी, आमच्या दारातनं रेडकू रानात गेल्यालं मी तरी बघितलं न्हाई. बायका हसायला लागल्या. एकजण म्हणाली, पोरगी थापा मारायला शिकली की शाळंत. दुसरी म्हणाली, शिकंना का, पुढं पुढारी तरी हुईल. संभाजी पोरीकडं वळला, खोटं कशापायी लिवलंस गं म्हणाला. ती बापाकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

तिनं माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मी उठलो. म्हणालो, ते तिनं लिहिलेलं नाही, शेवट मी बदललाय. आणि ड्रॉवरमधनं तिचं पान काढून जसंच्या तसं वाचलं. दावं नुसतंच पडलं, इथं थांबलो. आता कोण हसत नव्हतं. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या दारात म्हस.

संभाजीनं डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाला, ह्येच ठेवायचं हुतं की. खरं हाय ते. आणि वर, तुमच्यात काय करत्यात वो, राधानगरीकडं?

हेच करतात, मी म्हणालो. दावं मीच धरायचो.

व्हय, म्हणाला, आणि टोपी डोक्यावर घालून गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी पुस्तकाची शिवण उसवली, माझं पान काढलं, तिचं तिच्या हातानं घालायला दिलं. तिनं घातलं, दोरा मात्र मलाच ओवायला लावला. पण त्यानंतर काही लिहीना. पुस्तक वाचलं की कान देऊन ऐकायची, बाकीचे लिहायला लागले की नुसत्या रेघा मारत बसायची. मीही मागं लागलो नाही, कुठल्या तोंडानं लागणार, फक्त रोज तिच्यापुढं एक कोरा कागद ठेवायचो. मी तुम्हाला मघाशी छातीला हात लावून सांगितलं ना, तेव्हा मनात हीच पोरगी होती.

चौथीत गेली. दिवाळीची सुट्टी संपवून आली आणि कुणी न सांगता कागद टेबलावर ठेवून गेली. म्हस परत व्याली. परत रेडाच झाला. आता बाबा एका सडाचं दूध त्याला सोडतात. कधी कधी सोडत न्हाईत.

माझा हात पेनाकडं गेला, खोटं कशाला बोलू. त्या शेवटच्या ओळीकडं गेला. मग पेनाला टोपण लावलं, खिशाला अडकवलं, आणि कागद तसाच वर्गात दोरीला टांगला.

आता ती कोडोलीच्या हायस्कुलात जाते. रस्त्यात दिसली की सर म्हणते आणि पळते. लिहिते का माहीत नाही, लिहीत असू दे. कपाटाचं कुलूप मी काढून टाकलंय, पुस्तकं फाटतात, पोरंच चिकटवतात, फाटू देत. आणि तुम्ही हे सगळं उतरवून घेताय, तर एक सांगणं आहे. घरी जाऊन नीट लिहा, शुद्धलेखन बघा, काय पाहिजे ते करा, पण मी चांगला मास्तर आहे असा शेवट करू नका. तिचं शेवटचं वाक्य आहे तिथंच ठेवा.